घरमा शाया, बाहेर शाळा

बालवाडीच्या बाईला गोष्टी शोधाव्या लागत नाहीत. रोज दुपारी घरी जाताना एखादी सोबत येतेच.

पारोळ्यात माझा पहिला दिवस. विचारलं, "डोळे कुठे आहेत?" पोरं एकमेकांकडे बघू लागली. मी साक्रीकडची, घरी आम्ही अहिराणीच बोलतो. म्हटलं, "डोया कोठे शेतस?" सगळ्यांची बोटं डोळ्यांवर! कोमल नावाची चिमुरडी पुढे आली. "बाई, तुमले बी आमनं बोलणं येस?"

मग प्रत्येक चित्राला दोन नावं सुरू झाली, एक मराठी, एक अहिराणी. कोमलचे वडील टेम्पो चालवतात. ते तणतणत आले. "घरचंच शिकवायचं तर बालवाडी कशाला? मी नाव काढतो तिचं." मी म्हटलं, "दिवाळीपर्यंत थांबा, भाऊ."

दिवाळीआधीच आले, हसत सांगू लागले. फोनवर कुणा साहेबाशी बोलताना ते 'शाया' म्हणाले, तर कोमलने शर्ट ओढला. "पप्पा, घरमा शाया, बाहेर शाळा. ध्यानमा ठेवा." नाव काढायचा विषय पुन्हा निघाला नाही.

साजिद हा एका टेलरचा मुलगा, घरी हिंदी. मी केळं दाखवून 'केळं, केय' म्हटलं, तर हा उठला. "और मेरा केला?" तेही घेतलं. खाऊच्या वेळी केळी वाटताना त्याने हात पुढे केला. "तीन नाम, तो तीन दो."

एकदा तपासणीला मॅडम आल्या. कोमलला कौतुकाने म्हणाल्या, "अगंबाई, तुला दोन भाषा येतात?"

"हो. तुम्हाला एकच येते का?"

मॅडम जाईपर्यंत हसत होत्या. माझी मात्र मान त्या दिवशी जरा ताठच होती.

परवा दवाखान्यात गेले, तर पुढे कोमल आणि तिची आजी. डॉक्टर नवे, बाहेरगावचे. आजी म्हणाली, "टोंगया दुखी राह्यना." डॉक्टर गोंधळले. कोमल खुर्चीवर चढली. "आजीचा गुडघा दुखतोय." डॉक्टर सांगायचे, ती आजीकडे वळून अहिराणीत सांगायची. आजीचं ऐकून पुन्हा डॉक्टरांना मराठीत. गोळी जेवणानंतर, ओझं उचलायचं नाही, सगळं नीट.

मी आजीच्या कानाशी वाकले. "अक्का, तुम्ही तर बाजारात भाजी विकता. गिऱ्हाइकांशी मराठीतच बोलता, सगळं समजतं ना?"

आजीने माझा हात दाबला.

"माले बठ्ठं समजस, बाई. पन पोर बोली राह्यनी. बोलू द्या तिले."