केळुसकरांचा हिरवा पाडा

डॉ. केळुसकर डहाणूला आले की गाडीची काच कधी खाली करत नसत. “बाहेर धूळ आहे,” म्हणत. कुठल्या गावात क्षयरोग जास्त आणि का, हे नकाशावर मांडायच्या कामाचे ते प्रमुख. मी त्यांच्या हाताखाली आकडे जुळवणारी. घोलवडला चिकू घ्यायला मात्र ते जातीने उतरत आणि एकेक फळ दाबून बघत.

“नकाशा बोलतो, आपण ऐकायचं,” हे त्यांचं लाडकं वाक्य. काय बोलायचं ते तेच पढवत. तलासरीच्या डोंगराकडचा एक पाडा नकाशावर हिरवागार होता, म्हणजे धोका कमी. तिथे कुणाची थुंकी कधी तपासलीच नव्हती. मी तसं सांगितलं, तर हसले.

“अगं, आकडा नसेल तिथे मॉडेल शेजारच्या गावांवरून अंदाज घेतं. संख्याशास्त्र शिकलीस ना?”

“शेजारीही तपासणी झालेली नाही, सर.”

“फार विचार करतेस तू.”

एक्स-रेची गाडी लाल गावांकडे गेली, अच्छाडच्या बाजूला. हमरस्ता जवळ, जेवणाची सोय उत्तम.

काही महिन्यांनी त्या पाड्यावरचा लक्ष्मण ऑफिसात आला. त्याची बायको क्षयाने गेली होती. निदान झालं तेव्हा फार उशीर झाला होता. आता पोरगी खोकत होती.

“फोटोची गाडी आमच्याकडे कधी येणार?”

केळुसकरांनी स्क्रीन त्याच्याकडे वळवला. “हे बघा, तुमचा पाडा हिरवा आहे. काळजी नको.”

“साहेब, माझी बायको मेली.”

“अपवाद असतात,” ते म्हणाले, आणि चहा मागवला. एकट्यापुरता.

मी लक्ष्मणला बाहेर नेलं, तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी गाडी पाड्यावर वळवली. पोरीला क्षय निघाला, आणखी बऱ्याच जणांना निघाला. औषधं सुरू झाली. आता केळुसकर माझ्यावर भडकणार, असं वाटलं होतं. तेवढाही बाणा त्यांच्यात नव्हता. त्यांनी पाडा लाल रंगवला आणि मुंबईच्या परिषदेत सांगितलं, “आमच्या मॉडेलने दडलेले रुग्ण शोधले.” टाळ्या पडल्या. पुढे दिल्लीत बढतीही मिळाली.

त्यांच्या निरोपाच्या दिवशी लक्ष्मण पोरीला घेऊन मला भेटायला आला. उपचार पूर्ण झाले होते, अंग भरलं होतं तिचं. मी केळुसकरांना सांगितलं, “सर, त्या पाड्यावरची मुलगी.”

त्यांनी चटकन नाकाला रुमाल लावला आणि मागे सरकले.

ती पूर्ण बरी झाली होती, तिच्यापासून आता कुणालाच धोका नव्हता. क्षयावर भाषणं देणाऱ्या माणसाला हे मी काय सांगायचं? ते सरकत सरकत भिंतीला टेकले.

पोरीने बापाचा हात ओढला. “बाबा, यांना काय झालंय?”