जोडीचे बारा आणे

माझं लग्न एका दवंडीनं ठरवलं. शहाद्याच्या बाजारात ठेकेदाराचा माणूस ढोल बडवत फिरत होता, "धडगावना घाटनं काम! बारा आना रोज!" वडिलांनी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं. आठवड्यानं एक स्थळ आलं, मुलगा त्याच कामावर. वडिलांनी ना पत्रिका पाहिली, ना मुलगा नीट पाहिला. त्या काळी शेतात दिवसभर राबून याच्या निम्मेही मिळत नसत. बारा आण्यांपुढे मुलाचं नाक कसं आहे हे कोण विचारतो?

सासूबाईंनी भर मांडवात सांगून टाकलं, "पहिला पगारमा सूनले तांबाना हंडा!" मी ते गाठीशी बांधून ठेवलं. विहिरीवर सगळ्या बायकांचे हंडे लखलखत आणि माझ्या डोक्यावर मडकं. तेही फुटायचं, आणि फुटलं की सासूबाईंचं तोंड सुटायचं. त्यामुळे होळीला आमचे हे घाटावरून येणार म्हटल्यावर मी विहिरीवर आधीच सांगून बसले होते, की आता माझाही हंडा येतोय.

हे आले. सासूबाईंनी पाट मांडला, यांनी त्यावर पैसे ठेवले. त्यात हंडा सोडा, हंड्यावरचं झाकणही आलं नसतं.

"बाकीना कोठे गयात?" सासूबाईंनी विचारलं.

हे मुळात अबोल. बराच वेळ पायाच्या अंगठ्यानं जमीन उकरून म्हणाले, "माय, तो रोज जोडीना शे. एकलाना नही."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. घाटातल्या रस्त्यासाठी एकानं दगड फोडायचा, दुसऱ्यानं वाहायचा. बारा आणे त्या दोघांत मिळून. त्यातून मुकादमाची दस्तुरी, म्हणजे त्याची दलाली, जायची, ठेकेदाराच्याच दुकानातलं पीठमीठ जायचं. दवंडीवाल्यानं 'बारा आणे' तेवढे घसा ताणून म्हटले होते आणि 'जोडीला' हा शब्द ढोलाखाली घातला होता. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यात यांचा जोडीदार काठी गावचा. तो होळीला गावी गेला की पंधरवडाभर परत येत नाही आणि जोडीदार नसला की रोजही नाही.

"मंग दुसरी मी शे," मी म्हणाले.

सासूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. मानाच्या घरची सून खडी वाहणार? लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक विहिरीवर जे म्हणणार आहेत त्याहून वाईट काही म्हणणार नाहीत. शेवटी हंड्याचा शब्द त्यांचाच होता, म्हणून त्यांनीच मला भाकरी बांधून दिली.

घाटावर हजेरी मांडायला मुनशी बसला होता. मला पाहून म्हणाला, "बाईना अर्धा रोज. जोडी म्हंजे दोन गडी."

मी संतापले. दिवसभर उन्हात चालून आले होते, टाचा सोलल्या होत्या. डोक्यावरचा पदर नीट केला आणि म्हणाले, "आमनी जोडी गावजेवन घालीसन लागेल शे. तुन्हा मुकादमनी नही जुळाडी."

खडी फोडणारे सगळे हातोडे थांबले. आधी एक हसला, मग अख्खा घाट हसायला लागला. मुनशीनं इकडेतिकडे पाहिलं आणि मुकाट्यानं पूर्ण जोडी मांडली. आमचे हे मात्र लाजेनं दगडाआड गेले होते. त्यांना ओढून बाहेर काढावं लागलं.

पाऊस लागेपर्यंत मी खडी वाहिली. दस्तुरी आणि पीठमीठ कापून जे हाती पडलं त्यात तळोद्याच्या बाजारातून हंडा आणला. घाटावरून उतरताना तो मी रिकामाच डोक्यावर घेतला होता. मला फार अभिमान वाटत होता.

पुढे नणंदेला पाहायला पाहुणे आले. मुलाचे वडील मिशीवर हात फिरवत म्हणाले, "पोऱ्या पूलना कामवर शे. रुपया रोज!"

सासऱ्यांचा चेहरा माझ्या वडिलांसारखाच उजळला. मी दाराआड हंड्यातून पाण्याचे तांबे भरत होते. मला काही राहवलं नाही.

"पाव्हना, एकलाना का जोडीना?"

पाहुण्यांनी तांब्या तोंडाला लावला आणि बराच वेळ खालीच ठेवला नाही.

"जोडीना," ते शेवटी म्हणाले.

"मंग दुसरा कोन शे?" सासूबाईंनी विचारलं.

 पाहुण्यांची नजर हळूच, गूळ-शेंगदाण्यांची ताटली घेऊन उभ्या असलेल्या नणंदेकडे गेली.