पाचवीच्या वर्गासाठी रॉकेट

शाळा वरून बंद होत नाही, खालून होते. एक वर्ष पाचवी भरत नाही, पुढच्या वर्षी सहावी उरत नाही, आणि शेवटी दहावीची मुलं निरोप समारंभात रडत असतात तेव्हा खालचे सगळे वर्ग कुलूपबंद असतात. डिलाईल रोडच्या एका मराठी शाळेत मी सव्वीस वर्षं विज्ञान शिकवलं. संस्थेने त्या वर्षी आम्हांला बजावलं होतं की जूनमध्ये पाचवीला निदान पंधरा मुलं हवीत, नाहीतर वर्ग उघडायचा नाही. आदल्या वर्षी आमच्याकडे नऊ होती.

मग आम्ही शिक्षक चाळी पालथ्या घालू लागलो. चौथीत मूल असलेलं घर शोधायचं, दारात चपला काढायच्या आणि आपल्या शाळेचे गोडवे गायचे. लोक बसायला खुर्ची द्यायचे, चहा द्यायचे आणि म्हणायचे, "बघतो हं, बाई." इतक्या गोड शब्दांत नकार ऐकून माझं डोकं उठायचं. एखाद्याने सरळ हाकलून दिलं असतं तर परवडलं असतं.

अशात पुण्यात नोकरी करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने शाळेला रॉकेटचं किट भेट पाठवलं. खेळण्यातलं नव्हे, खरंच उडणारं. पुठ्ठ्याची हातभर नळी, प्लॅस्टिकचं टोक, हलक्या लाकडाचे चार पंख, घडी केलेलं पॅराशूट आणि बोटाएवढं इंजिन, ज्यात दारू ठासून भरलेली. मुख्याध्यापकांनी खोकं उघडलं आणि त्यांचा चेहराच बदलला. "बाई, हे मैदानात उडवायचं. चौथीच्या सगळ्या पालकांना बोलवायचं. मराठी शाळेत काय चालतं ते एकदा दिसू दे त्यांना."

मी एरवी शंभर शंका काढणारी बाई. पण त्या दिवशी मीही हुरळले.

नववीच्या तीन मुली घेऊन मी प्रयोगशाळेत रॉकेट बांधायला बसले. सूचनांचा कागद इंग्रजीत होता. मी वाचून मराठीत सांगायची आणि त्या करायच्या. पंख लावणं सगळ्यांत किचकट निघालं. गोंद लावून पंख नळीला टेकवायचा आणि तो वाळेपर्यंत बोटांनी तसाच सरळ धरून ठेवायचा. श्वास जोरात सोडला तरी तो कलायचा. तिसरा पंख तिरका बसला तेव्हा त्यातली एक म्हणाली, "बाई, राहू दे ना, कोणाला दिसतंय?" मी म्हटलं, "हवेला दिसतं." आम्ही तो ब्लेडने सोडवून पुन्हा लावला. पॅराशूटची घडी तर आम्ही निदान पन्नास वेळा घातली असेल. मुलींना मधली सुट्टी संपल्याचं भान राहायचं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही. सव्वीस वर्षांतले ते माझे सर्वांत सुखाचे दिवस होते.

मुख्याध्यापक सरांनी फक्त एक सुधारणा सुचवली. उलटी मोजणी इंग्रजीत करायची, म्हणजे आपल्याकडे इंग्रजीही पक्कं करून घेतात हे पालकांना कळेल. मुली 'टेन, नाइन' घोकू लागल्या.

आणि इथे मी माती खाल्ली. नुसतं रॉकेट उडवून पालकांना घरी कसं पाठवायचं? काहीतरी रीतसर कार्यक्रम नको का? मीच कार्यक्रमपत्रिका लिहिली. दीपप्रज्वलन, ईशस्तवन, स्वागतगीत, पाहुण्यांचा परिचय, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक, मनोगतं, अध्यक्षीय भाषण, आभार, आणि मग रॉकेट. चांगला पदार्थ शेवटी वाढावा तसं ते मी शेवटी ठेवलं. कुणीही हरकत घेतली नाही, कारण आमच्यातल्या कुणीच याहून वेगळा कार्यक्रम उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

जानेवारीतला शनिवार, सकाळी दहाची वेळ. मैदानात साठ खुर्च्या मांडल्या होत्या आणि सव्वादहाला त्या भरल्या. मागे काही जण उभे राहिले. सर माझ्याकडे बघून हसले. मी मनातल्या मनात पंधरा सोडून वीस मुलांचा वर्ग मांडूनसुद्धा टाकला.

समईपासूनच घोळ सुरू झाला. मोकळ्या मैदानात वारा होता. पाहुण्यांनी एक वात लावली की दुसरी विझायची. पाचही वाती एकदम जळल्याशिवाय फोटो निघत नव्हता आणि फोटोशिवाय पुढे जाता येत नव्हतं. त्यात बारा मिनिटं गेली. मग पाहुण्यांचा सत्कार झाला. सत्कार एकाचा केला की शेजारी बसलेल्याचा करावा लागतो, आणि व्यासपीठावर सात जण होते. एक शाल कमी पडली तेव्हा ती आणायला शिपाई दुकानात धावला. तोवर स्वागतगीताचं एक कडवं पुन्हा झालं.

मग माझं प्रास्ताविक. चार पानं. आठवलं की अजूनही लाज वाटते. मातृभाषेतून विज्ञान कसं समजतं यावर मी तावातावाने बोलत होते, आणि ज्यामुळे ते खरोखर समजलं असतं ती वस्तू माझ्या मागे पंचवीस पावलांवर, उड्डाणासाठी रोवलेल्या सळईवर उभी होती. दुसऱ्या पानावर मला पहिली खुर्ची रिकामी दिसली. तिसऱ्या पानावर मागचे उभे असलेले लोक नव्हते. तरी मी थांबले नाही. लिहिलेलं सगळं वाचलं.

लोक घरी चालले नव्हते. पलीकडच्या गल्लीतल्या इंग्रजी शाळेने पाचवीसाठी नवी तुकडी काढली होती आणि तिचे फॉर्म त्याच दिवशी बारापर्यंत मिळणार होते. आम्हांला हे ठाऊकच नव्हतं. पालकांना ठाऊक होतं. ते बिचारे रॉकेटसाठी जमेल तितका वेळ थांबले होते. प्रमुख पाहुणे भाषणात आपल्या बालपणात रमले तशा रांगाच्या रांगा उठू लागल्या. कुणी तोंड वाकडं केलं नाही, चपलांचा आवाजही केला नाही. सरांनी पाहुण्यांकडे एक चिठ्ठी सरकवली. पाहुण्यांनी ती वाचली, खिशात ठेवली आणि बोलतच राहिले.

बाराला पाच मिनिटं असताना आभार संपले. खुर्च्यांवर आमचे शिक्षक होते, दोन आजोबा होते आणि सातही पाहुणे होते. मुलींनी माझ्याकडे पाहिलं. "बाई, टेन-नाइन करायचं?"

"नको," मी म्हटलं. "मराठीत मोजा."

दहा, नऊ, आठ. बटण दाबलं. फस्सकन आवाज झाला आणि ते गेलं. इतकं सरळ गेलं, काय सांगू! आजूबाजूच्या टॉवरांच्या पंधराव्या, विसाव्या मजल्याच्याही वर गेलं. मग वर एक बारीक ठिपका झाला आणि त्यातून लाल पॅराशूट उमललं. मुली किंचाळत एकमेकींच्या गळ्यात पडल्या. मी पदराने डोळे पुसले, पण ते आनंदाने नव्हे. पॅराशूट वाऱ्यावर शाळेची भिंत ओलांडून गेलं.

अर्ध्या तासाने मी खुर्च्या मोजून घेत होते, तेव्हा एक बाई ते रॉकेट घेऊन फाटकातून आत आली. सोबत नऊ-दहा वर्षांची मुलगी होती. ती बाई माझीच विद्यार्थिनी, वीस वर्षांपूर्वीची. सकाळी दुसऱ्या रांगेत बसलेली मी तिला पाहिलं होतं.

"बाई, हे आमच्या लायनीच्या बाजूलाच पडलं. काय झकास उडालं! सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या."

"लाइन सोडून आलीस?"

"नाय, फॉर्म भेटला. एकपर्यंत भरून द्यायचाय." तिने प्लॅस्टिकची पिशवी दाखवली.

मी आजवर कुणापुढे हात पसरले नव्हते. त्या दिवशी पसरले. म्हटलं, "तू इथेच शिकलीस ना गं? हिला इकडे घाल. मी स्वतः शिकवीन हिला."

ती वरमली. मुलीची वेणी उगाच नीट करत राहिली. मग अगदी साधेपणाने, टोमणा मारायचं मनातही नसताना म्हणाली, "बाई, तुमचा मुलगा दादरला इंग्लिश मीडियमला होता ना? दुपारी शाळेच्या ऑफिसातल्या फोनवरून तुम्ही त्याचा अभ्यास घ्यायचात, इंग्लिशमध्ये. आम्ही पोरी बाहेर उभ्या राहून ऐकायचो. कसलं भारी वाटायचं आम्हाला! तेव्हाच मी ठरवलेलं."

जूनमध्ये पाचवीला सहा मुलं आली आणि वर्ग उघडला नाही. त्यावरून मी संस्थेला बोलले, सरकारला बोलले. पालकांना मात्र बोलता आलं नाही.

त्या दिवशी तिने रॉकेट माझ्या हातात दिलं. मग पिशवीतून फॉर्म काढून म्हणाली, "बाई, एवढा भरून द्याल? सगळा इंग्लिशमध्ये आहे."

आम्ही दोघी पायरीवर बसलो. तिने एकेक माहिती सांगितली आणि मी लिहिली. आईचं शिक्षण कुठे झालं, या रकान्यात मी आमच्या शाळेचं नाव इंग्रजीत, सुवाच्य अक्षरात लिहून दिलं.