पुलावरचा ओरखडा

अंबडच्या स्टँडामागं एक टीव्ही दुरुस्त करणारे बसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. मोटारींच्या शर्यतीचा माझा जुना व्हिडिओ गेम, ओरिजनल डिस्कसकट, मी त्यांच्यापुढं ठेवला. शाळेत मी गती आणि वेग शिकवतो, त्यामुळं निदानही मीच केलं.

"वीस वर्षं झाली, पुलावर गाडी दरवेळी नदीत पडते. ओरखडा नेमका तिथंच आहे."

त्यांनी डिस्कवर तोंडाची वाफ सोडली, शर्टाच्या टोकानं मधून कडेकडं पुसली, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्वतःच खेळायला बसले. पूल आला. गाडी हळू झाली आणि अलगद पार गेली.

"डिस्क बराबर चालून राह्यली, सर," ते संकोचून म्हणाले. "तुम्ही ब्रेक दाबतच न्हाई का?"

घरी बायकोनं विचारलं, "काय बिघडलं होतं?"

"डिस्क," मी म्हणालो.