निवळ पाण्यातली बुरशी

पोळ्याच्या आदल्या दिवशी, सकाळी साडेनऊ वाजता, अर्धापूरजवळच्या आमच्या केळी पॅकहाऊसमध्ये मॅनेजरने सुमनबाई वाघमारे यांना चाकू खाली ठेवायला लावला. सगळ्या बायांसमोर. घडापासून फण्या कापण्यात त्यांचा हात धरणारं आमच्याकडे कुणी नाही. आरोप काय? तर त्यांनी कापलेल्या फण्या दिल्लीला पोचेपर्यंत सडतात.

तिथल्या व्यापाऱ्याने फोटो पाठवले होते. केळी छान पिवळी, पण फणीचा वरचा जोड काळा, त्यावर पांढरी बुरशी. याला आम्ही क्राऊन रॉट म्हणतो. कापलेली जागा म्हणजे जखम. बुरशी तिथून शिरते, प्रवासात वाढते, आणि हात लावताच केळं गळून पडतं.

मॅनेजर म्हणाले, "बाई, चाकू वेडावाकडा चालवून राहिल्या तुम्ही."

"सायेब, हात माझा हाय, पन पानी तुमचं हाय."

"पाणी काचेसारखं आहे!"

"तुरटी टाकल्यावर गटारबी तसंच दिसंल."

बाया हसल्या. मॅनेजर नाही. "आजच्या दिवस खोके उचला. उद्यापासून येऊ नका."

मी तिथला क्वालिटी सुपरवायझर. कापलेल्या फण्या चीक धुवायला टाकीत सोडतात. पाणी दिवसातून दोनदा बदलायचं, हा नियम. आम्ही सकाळी एकदाच भरायचो. दुपारी गढूळ झालं की तुरटी. गाळ तळाशी बसतो, पाणी निवळतं, बुरशी मात्र पाण्यातच राहते आणि ताज्या जखमेला लागते. हे मी कृषी पदविकेत शिकलो होतो. तरी रजिस्टरवर 'दोनदा बदलले' म्हणून सही माझीच. त्या दिवशीही मी तीच सही केली.

त्याच दिवशी खोके उचलता उचलता सुमनबाईंनी मला विचारून, डागी म्हणून बाजूला काढलेल्या आठ फण्या घेतल्या. सगळ्या त्यांनीच सकाळी कापलेल्या. चार सकाळच्या ताज्या पाण्यात लगेच धुतलेल्या, चार धुवायच्या राहून दुपारी तुरटीच्या पाण्यातून काढलेल्या. घरी खायला नेत असतील, असं मला वाटलं.

सातव्या दिवशी त्या टोपलं घेऊन ऑफिसात आल्या. पांढरी चिंधी बांधलेल्या, सकाळी धुतलेल्या चार फण्या स्वच्छ. लाल चिंधीच्या, तुरटीच्या पाण्यातल्या चारही काळ्या.

"चाकू तोच, हातबी तोच," त्या म्हणाल्या. "आता बोला, सायेब."

मॅनेजर माझ्याकडे बघायला लागले. मी म्हणालो, "बाई खरं बोलतायत. पाणी आपण बदलतच नाही." मला, पदविकावाल्याला, जे माहीत असून बोलता आलं नाही, ते या बाईने दोन रंगांच्या चिंध्यांनी सिद्ध केलं होतं. मग बाहेर येऊन मी सगळ्या बायांसमोर त्यांची माफी मागितली.

आता टाकी दोनदा रिकामी होते. दिल्लीच्या तक्रारी जवळजवळ थांबल्या. सुमनबाई पुन्हा कापणीवर आहेत. मॅनेजरने मात्र त्यांना गेटपाशी, हळू आवाजात एवढंच सांगितलं, "या उद्यापासून."

एवढ्यावर भागत नाही. पॅकहाऊस चालवणाऱ्यांनो, तुरटीची पिशवी बाजूला ठेवा आणि टाकी रिकामी करा. आणि माल सडला म्हणून एखादीला चारचौघांत हाकललं असेल, तर उद्या सकाळी त्याच चारचौघांत तिची माफी मागा.