एक्स-रे बाईंची वाघळं

एक्स-रे बाई अंधारात कधी चाचपडल्या नाहीत. एखाद्या गुहेच्या तोंडाशी आम्ही बाकीचे टॉर्चची बटणं शोधत असायचो, तेव्हा त्या डोळे मिटून स्वस्थ उभ्या राहायच्या आणि आम्हालाही तसंच उभं करायच्या. "आधी डोळे अंधारात भिजू द्या," त्या म्हणायच्या. "कोरड्या डोळ्यांनी आत गेलात तर स्वतः आपटाल आणि झोपलेल्या वाघळांना उठवाल." मग डोळे उघडून त्या आपल्याच स्वयंपाकघरात शिरावं तशा आत जायच्या. आठवडाभर त्या नाशकातल्या एका दवाखान्यात एक्स-रे काढायच्या आणि काळोख्या खोलीत फिल्मा धुवायच्या. "मला पगारच अंधाराचा मिळतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

माझी त्यांची ओळख त्या खोलीच्या दाराशीच झाली. सत्तरचं दशक संपत आलं होतं. मला शाळेत नोकरी लागली होती आणि रुजू होण्याआधी छातीचा फोटो लागत होता. "श्वास घ्या, धरा, सोडा," असं म्हणून त्या बाहेर आल्या आणि मी कुठली, काय शिकले, ते विचारू लागल्या. "लासलगावची. बी.एस्सी., प्राणिशास्त्र," मी जरा मोठ्यानंच सांगितलं. आमच्या घरातली ती पहिलीच पदवी होती.

"वाघूळ पाहिलंय का?"

"पुस्तकात आहे ना."

"म्हणजे नाही पाहिलं. रविवारी या, मास्तरीणबाई."

त्या रविवारपासून मी त्यांच्या मंडळात गेले. मंडळ म्हणजे बाई, ओझरच्या विमान कारखान्यातले दोघं-तिघं फिटर, पोस्टातले एक कारकून आणि मी. नाशिकच्या आसपास वाघळं कुठं राहतात ते शोधायचं, त्यांचे फोटो काढायचे आणि संध्याकाळी ती बाहेर पडताना मोजायची, एवढंच काम. मोजायची रीत बाईंची. प्रत्येकानं आभाळाचा आपापला तुकडा वाटून घ्यायचा आणि दहा वाघळं गेली की एक चिंचोका डाव्या खिशातून उजव्या खिशात टाकायचा. "बोटं दगा देतात, चिंचोका देत नाही." गुहेत फोटो काढायचा तर एकच. फ्लॅश एकदा उडाला की सगळ्यांनी मागं फिरायचं. फोटो नीट आला नसेल तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाट पाहायची. कारखान्यातल्या फिटरांना याचा फार राग यायचा. त्यांतला एक म्हणायचा, "बाई, पेशंट हलला तर तुम्ही दुसरी फिल्म घालता, इथं का नाही?" बाई म्हणायच्या, "पेशंट माझ्याकडे येतो रे बाबा. इथं आपण न बोलावता आलोय."

माझे वडील, म्हणजे दादा, लासलगावच्या मार्केटात हमाल होते. कांद्याच्या गोण्या वाहून त्यांनी मला शिकवलं होतं. शिकलेली पोरगी रविवारी पुरुषांबरोबर वाघळांच्या मागं हिंडते, हे कुणीतरी त्यांच्या कानावर घातलं आणि ते बिथरले. बाई एका रविवारी गुहा सोडून आमच्या घरी आल्या. दाराशी चपला काढून "जयभीम" म्हणाल्या आणि आईनं टाकलेल्या गोधडीवर बसल्या. दादांनी सरळ विचारलं, "वाघळं मोजून हिला काय मिळनार हाय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "पण अंधाराला भिणार नाही."

 दादा आईला म्हणाले, "चहा टाक." पुढे माझ्या लग्नाआधी मी एम.एस्सी. केलं, तेव्हाही दादांनी नाही म्हटलं नाही. मी याचं श्रेय त्या चहाला देते.

बाईंचा एक मोठा जाच होता, तो डाव्या-उजव्याचा. फिल्मवर शिशाचं अक्षर ठेवल्याशिवाय त्या एक्स-रे काढायच्या नाहीत, आणि मंडळाच्या प्रत्येक फोटोमागे वरची बाजू कुठली, याचा बाण काढायला लावायच्या. कुणी वैतागलं की ऐकवायच्या, "फिल्म उलटी धरली तर चांगल्या पायाला प्लास्टर बसतं. फोटो म्हणजे साक्ष आहे. साक्ष जशी आहे तशीच द्यायची."

हे सगळं सांगितलं ते पुढची गोष्ट कळावी म्हणून.

ओझरच्या पुढं चांदवडकडे जाताना हायवे सोडून आत एक गाव आहे. गावाच्या विहिरीवर एक जुनी चिंच होती आणि तिच्यावर मोठी, फळं खाणारी वाघळं दिवसभर टांगलेली असायची. बाईंनी तिचा एक सुंदर फोटो काढला. तो नाशकातल्या एका पेपरात छापून आला, खाली आम्ही केलेला अंदाजी आकडाही आला. आम्ही पेढे वाटले. आठवड्यानं गावातल्या शाळेचे गुरुजी दवाखान्यात आले आणि म्हणाले, "बाई, घोटाळा झाला. लोकं चिंच तोडायला निघालेत."

वाघळं गावाला नवी नव्हती. पण द्राक्षबागा नव्या होत्या. तारांवर घड भरले होते, काढणी तोंडावर होती, आणि पेपरातला आकडा वाचून बागवाले हबकले. एवढी तोंडं आपल्या डोक्यावर आहेत, हे त्यांना आमच्यामुळे कळलं. सरपंच तात्यांची बाग चिंचेला सगळ्यांत जवळ. त्यांनी करवतवाले ठरवलेसुद्धा. कायदा आमच्या बाजूचा नव्हता. कायद्यानं या वाघळांना तेव्हा उंदरांच्या पंगतीत बसवलं होतं.

बाईंचं जेवण तुटलं. दवाखान्यात एरवी पेशंटशी गप्पा मारणाऱ्या बाई गप्प गप्प काम करू लागल्या. मला एकदा म्हणाल्या, "आजवर एवढ्या फिल्मा काढल्या, कुणाचं वाईट नाही झालं. आता एका फोटोनं झाड जाईल आणि वर पिल्लं आहेत गं." दिवस खरोखर पिल्लांचे होते. माद्यांच्या छातीला पिल्लं बिलगलेली होती. त्यांना अजून उडता येत नव्हतं.

शेवटी बाईंनी ठरवलं की लोकांना फोटोच दाखवायचे. फोटोनं बिघडवलं ते फोटोनंच निस्तरायचं. गुरुजींनी तात्यांकडून एक रविवार मागून घेतला. बाईंनी माद्यांचे आणि पिल्लांचे मोठे फोटो छापले आणि फिटरांपैकी एकाबरोबर मोटारसायकलवरून पुढं धाडले. आम्ही एस.टी.नं निघालो. ती वाटेत पंक्चर झाली. पोहोचलो तेव्हा शाळेच्या ओट्यावर ही गर्दी, आणि भिंतीवर सगळे फोटो उलटे.

म्हणजे वाघळं उभी होती. पाय खाली, डोकं वर. पंख अंगाभोवती लपेटून बायका उभ्या असाव्यात, तशी.

बाई गुरुजींकडे वळल्या. "गुरुजी, हे काय केलंत?"

गुरुजी खुशीत होते. "उलटे छापले गेले होते, बाई. मी सगळे सुलटे करून लावले. बाण पण चुकले होते तुमचे."

बाई तरातरा भिंतीकडे निघाल्या. पहिल्या फोटोला हात घालणार, तेवढ्यात त्याच्यासमोर उभी असलेली एक म्हातारी मोठ्यानं म्हणाली, "अगं बया, ही तर लेकुरवाळी हाय! पदराखाली घेतलंय बघा लेकराला." फोटोत पंखाच्या घडीतून पिल्लाचं तोंड बाहेर आलं होतं. बायका पुढं सरकल्या. "डोळं बघ कसं लुकलुकतंय." "थंडी वाजत आसंल त्याला." "आन् ही बघ, हिचं निजलंय."

बाईंचा हात तसाच राहिला. मग त्यांनी तो खाली घेतला.

म्हातारी म्हणजे तात्यांची आई निघाली. तिनं तिथूनच हाक मारली, "तात्या, लेकुरवाळीचं घर मोडतो का रे तू?"

"आई, तुला काय कळतंय? ते द्राक्षं खाऊन ऱ्हायलेत आपली."

"खाईना का दोन मनी. तू पोटात व्हता तव्हा म्या कुनाकुनाच्या बांधावरची बोरं खाल्ली, सांगू का समद्यांना?"

ओटा हसून फुटायला आला. तात्याही हसले, पण मान खाली घालून. बाईंनी तेवढ्यात व्यवहाराचं बोलून घेतलं. धरणावरच्या कोळ्यांकडून जुनी जाळी आणून कडेच्या ओळींवर टाकता येतील, आमचं मंडळ येऊन टाकेल, आणि काढणी होईपर्यंत पिल्लंही उडायला लागतील. तात्यांनी इकडे-तिकडे पाहिलं. "बरं, पिल्लं उडूस्तोवर थांबतो. पुढचं पुढं." करवतवाल्यांना निरोप गेला.

पुढचं कधी आलंच नाही. आम्ही दोन रविवार जाळी बांधली, हात कापून घेतले, द्राक्षं मार्केटला गेली. पुढच्या वर्षी तात्यांनी जाळी स्वतःच आणून ठेवली होती. चिंच अजून उभी आहे.

म्हातारीनं एक फोटो मागून घेतला आणि घरात टांगला. उभाच. एकदा मी न राहवून बाईंना म्हटलं, त्यांना खरं सांगायला नको का? साक्ष जशी आहे तशी द्यायची, हे तुमचंच ना?  "त्या आजी रोज पाणी भरायला विहिरीवर जातात," बाई म्हणाल्या. "वर बघितलं की कळतंच ना त्यांना, कशी टांगलीत ते. आपण नाही सांगितलं तरी चालेल."

डॉक्टरांनी दवाखाना बंद केला तेव्हा बाई भावाकडे धुळ्याला गेल्या. काही वर्षं पत्रं येत राहिली, मग त्यांच्या भाच्याचं आलं. मी पुढं कॉलेजात शिकवलं. मुलांना गुहेत न्यायचे तेव्हा आधी बाहेर उभं करायचे.

त्या रविवारचं एक सांगायचं राहिलं. तात्यांच्या घरी आम्हाला पिठलं-भाकरी वाढली. कितीतरी दिवसांनी बाई पोटभर जेवल्या, म्हातारीला म्हणाल्या, "आजी, अजून अर्धी." परतीच्या एस.टी.त त्या खिडकीशी बसल्या आणि गाडी हायवेला लागायच्या आत माझ्या खांद्यावर डोकं टाकून झोपल्या. तोंड किंचित उघडं, चष्मा घसरलेला. कंडक्टर तिकिटाला आला तसं मी ओठांवर बोट ठेवलं आणि दोघींचे पैसे हळूच पुढं केले. ओझर आलं, गेलं. खांदा बधिर झाला होता, तरी नाशिकचा स्टँड येईपर्यंत मी हलले नाही.