"यांले वाढा" म्हणणारे भाऊ

अख्ख्या वऱ्हाडात दुसऱ्याच्या वतीने बोलण्यात आपल्या शेजारच्या संत्रावाल्या भाऊंचा हात धरणारा माणूस झाला नाही. आणि मुलांनो, स्वतःसाठी बोलण्यात त्यांच्याइतका कच्चा माणूसही झाला नाही. जन्मभर त्यांनी वरूडकडच्या संत्र्याच्या बागांची दलाली केली. बागवाल्याने गप्प बसायचं, व्यापाऱ्याने कुरकुरायचं आणि भाव दलालाने बोलायचा, हा धंद्यातला रिवाज त्यांनी अमरावतीत घरीदारीही पाळला. भाजीवालीशी माझ्या वतीने तेच भांडत. तुमच्या आजोबांची कोणती दाढ दुखते हे डॉक्टरांना त्यांनीच सांगितलं, आणि चुकीची सांगितली. तुमच्या बाबांना तुमची आई पसंत असल्याचं बाबांच्या आधी त्यांनीच जाहीर केलं. ते मात्र बरोबर निघालं. स्वतःची वेळ आली की यांची जीभ टाळूला चिकटे. पंगतीत जिलेबी हवी असली की शेजाऱ्याच्या पानाकडे बोट दाखवून म्हणत, "यांले वाढा!" वाढपी थांबला की ओघाने यांच्याही पानात पडे. शेजारच्याला अपचन ठरलेलं. घरी मात्र बोट दाखवावं लागत नसे. कमलताईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, सगळं न सांगता कळायचं.

गेल्या वर्षी कमलताई गेल्या आणि भाऊंचं बोलणंच थांबलं. आपल्या व्हरांड्यात येऊन बसत, चहा समोर गार होई. त्यांची सून एकदा रडवेली होऊन म्हणाली, "काकू, बाबा दोन घासांवर उठून राहिले. झोपतही नाहीत. विचारलं तं म्हणतात, काही नाही." सदरे अंगावर लोंबायला लागले होते. मी त्यांच्यापुढे समुपदेशकाचं नाव काढलं, तर उसळले.

"मी काय पागल झालो काय, वयनी?"

"संत्र्याला डिंक्या रोग लागला की तुम्ही जाणकाराला बोलावता. झाड पागल झालं म्हणून?"

"त्या झाडाले बोलता येत नाही."

"मग तुम्हाला कुठे येतं?"

यावर त्यांनी उपरण्याची गाठ दोनदा सोडली, दोनदा बांधली. शेवटी तयार झाले, पण दोन अटींवर. जायचं ते अकोल्याला, कारण "अमरावतीत मले कुत्रंबी ओळखते." आणि बोलायचं मी.

समुपदेशक म्हणजे तुमच्याच वयाची एक हसरी मुलगी. तिच्या टेबलावर त्यांनी आधी संत्र्यांची पिशवी ठेवली. मी झोप, भूक, केव्हापासून, सगळं क्रमाने सांगितलं. भाऊ समाधानाने मान डोलवत होते, जणू भाव बरा चालला होता. तिने सगळं ऐकलं आणि मला म्हणाली, "काकू, तुम्ही जरा बाहेर बसता?"

भाऊ घाबरले. "पोरी, दलालाले बाहेर काढून सौदा होते काय? मालकानं तोंड उघडलं का भाव पडला समज."

"इथे सौदा नाही काका. आणि घाईपण नाही."

मी बाहेरच्या बाकावर बसले. भाऊ बाहेर आले तेव्हा डोळे लाल होते. आम्ही बसस्टँडवर आलो. तिथल्या कचोरीवाल्यासमोर थांबले, त्यांचं बोट सवयीने माझ्याकडे वळलं, आणि अर्ध्यावरून परतलं. "मले," ते म्हणाले, "मले एक दे. भूक लागली."

जादू झाली नाही, मुलांनो. अजूनही एखाद्या दिवशी त्यांचा चहा गार होतो. पण ते अकोल्याला जात राहिले, आता एकटेच. जेवतात, झोपतात, आणि जन्मात कधी बायकोचं नाव न घेतलेला हा माणूस "आमची कमल असती तं" म्हणून सुरू होतो. मी विचारलं, ती मुलगी सांगते तरी काय? म्हणाले, "काही नाही सांगत. आयकते. मंग मलेच आयकू येते, मी काय बोलून राहिलो ते."

परवा व्हरांड्यात बसल्या बसल्या त्यांनी घसा खाकरला. "वयनी, साहेब गेल्यापासून तुमी त्यायची खुर्ची रोज पुसता, पन त्यायचं नाव काढत नाही. त्या पोरीशी तुमच्याबद्दल मी बोलू काय?"

तुमच्या आजोबांची खुर्ची स्वच्छच होती. तरी मी पुन्हा फडकं फिरवलं.

"नको भाऊ," मी म्हटलं. "माझं मी बोलेन."

येत्या बुधवारी आम्ही दोघं अकोल्याला जातो आहोत. या वेळी बाहेरच्या बाकावर भाऊ बसतील.